थेंब कोण मोजतं? मुलांची ‘बाहेरच्या बाहेर’ सलाईन आणि संशोधनाची नजर

या वेळी एकच पेपर समजावून सांगण्याऐवजी तीन-चार अभ्यास एकत्र घेऊन त्यांच्यावर थोडी टीका करणार आहे. विषय माझ्या पीएच.डी.च्या जवळचा आहे : मुलांना दवाखान्यात भरती न करता शिरेतून दिले जाणारे उपचार आणि त्यातली परिचर्या, म्हणजे नर्सिंग. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं, हिमोफिलियाच्या मुलाला फॅक्टर देणं, संसर्ग झालेल्या मुलाला रोज एकदा शिरेतून अँटिबायोटिक देऊन घरी सोडणं, हे सगळं यात येतं. मूल सकाळी येतं, सुई लागते, काही तास जातात, संध्याकाळी घरी परततं. कागदोपत्री ते ‘भरती’ नसतंच.

मी एम.एस्सी. नर्सिंग बालआरोग्य विषयात केलं, त्यामुळे हे पेपर वाचताना माझी नजर आधी एका गोष्टीकडे जाते : यात सिस्टर कुठे आहे? आणि मी बारामती-इंदापूर पट्ट्यातली असल्यामुळे दुसरा प्रश्न लगेच येतो : यात एसटी कुठे आहे? हा दुसरा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नाही. पुढे वाचा, मग पटेल.

पहिला अभ्यास : मेलबर्नचं घर

या क्षेत्रात सगळ्यात जास्त चर्चा झालेला एक अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधला आहे. नाव ‘चॉइस’. लैला इब्राहिम, पेनेलोपी ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी तो केला, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये तो छापून आला. प्रश्न सरळ होता. त्वचेखालच्या ऊतींचा संसर्ग, म्हणजे सेल्युलायटिस, झालेल्या आणि तोंडाने घ्यायचं औषध पुरेसं नसलेल्या मुलाला भरती करायलाच हवं का, की घरी ठेवून शिरेतून औषध देता येईल?

६ महिने ते १८ वर्षं वयाची १८८ मुलं होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटातल्या ९३ मुलांना घरी रोज एकदा सेफ्ट्रायॅक्सोन. दुसऱ्या गटातल्या ९५ मुलांना रुग्णालयात दर ६ तासांनी फ्लुक्लॉक्सासिलिन. उपचार फसले असं घरच्या गटात २ मुलांच्या बाबतीत झालं, रुग्णालयाच्या गटात ७ मुलांच्या. निष्कर्ष : घरचा उपचार रुग्णालयापेक्षा कमी पडत नाही.

अभ्यास चांगला आहे, हे आधीच सांगते. मुलांवर अशा चाचण्या मुळातच कमी होतात. शिवाय याच गटाने खर्चाचाही स्वतंत्र अभ्यास केला आणि त्यात कुटुंबाच्या खिशातून गेलेला पैसाही धरला. आपल्याकडे हे फार कमी जण करतात.

पण वाचताना दोन ठिकाणी थांबायला हवं.

पहिलं ठिकाण आकड्यांचं. २ विरुद्ध ७ पाहून ‘घरी उपचार तिपटीने चांगले’ असं म्हणायचा मोह होतो. एकूण घटनाच ९ आहेत. त्यातली दोन-तीन मुलं इकडची तिकडे गेली असती तर चित्र बदललं असतं. लेखकांनीही ‘जास्त चांगले’ असा दावा केलेला नाही, ‘कमी नाही’ एवढाच केला आहे. बातमी करणारे हा फरक गाळतात. शिवाय दोन गटांत दोन गोष्टी एकदम बदलल्या : जागा बदलली आणि औषधही बदललं. त्यामुळे फरक घरामुळे पडला की सेफ्ट्रायॅक्सोनमुळे, हे सुटं करून सांगता येत नाही.

दुसरं ठिकाण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेपरच्या शीर्षकात औषधाचं नाव आहे, घर आहे, रुग्णालय आहे. सिस्टर नाही. वस्तुस्थिती मात्र अशी की ‘घरी’ म्हणजे आईच्या भरवशावर नव्हे. रुग्णालयाची नर्स घरी जाऊन औषध देत होती, सुईची जागा बघत होती, मूल सुधारतंय की नाही याचा अंदाज घेत होती. म्हणजे चाचणी खरी कशाची झाली? ‘घर’ या जागेची नाही. ‘घरी येणारी प्रशिक्षित सिस्टर’ या सेवेची झाली. पण पेपरात ती पार्श्वभूमीला राहते, फॅन किंवा ट्यूबलाइट असावी तशी.

आता हाच अभ्यास इंदापूर तालुक्यात वाचा

‘आता आपल्याकडेही मुलांना घरी सोडून उपचार करायला हरकत नाही, संशोधनाने सिद्ध झालंय’ असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, आपल्याकडे हे कधीपासूनच चालू आहे. निमगाव केतकी, बावडा, भिगवण, कुठेही बाजाराच्या दिवशी उभे राहा. हाताला पट्टी बांधलेलं, पट्टीखाली इंट्राकॅथ ठेवलेलं मूल आईच्या कडेवर दिसेल. सकाळी दवाखान्यात इंजेक्शन, मग घरी, उद्या पुन्हा. खाट अडवायची नाही, बिल वाढवायचं नाही, आईला जनावरांचं बघायचं असतं, सगळ्यांच्या सोयीचं. मेलबर्नने जे २०१९ साली सिद्ध केलं, त्याची अर्धी आवृत्ती आपण कुठलीही चाचणी न करता वापरतोय.

अर्धी, कारण सिस्टर घरी येत नाही. रात्री दहा वाजता मूल हात हलवेना झालं तर ती सुई बघणार कोण? आई. आणि तिला काय बघायचं हे सांगितलं कोणी? बहुतेक वेळा कोणीच नाही. ‘पाणी लागू देऊ नका’ एवढंच सांगितलेलं असतं.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी चिल्ड्रन्स रुग्णालयाने यासाठी एक सोपी पद्धत रूढ केली. मराठीत सांगायची तर : हात लावा, बघा, दुसऱ्या हाताशी ताडून बघा. सुईची जागा थंड, फुगलेली आणि ताणलेली असेल तर सलाईन शिरेबाहेर जातेय. गरम, लाल आणि शिरेच्या रेषेत दुखत असेल तर शीर सुजलीय. दोन्हींत सुई काढायची वेळ झालेली असते. रुग्णालयात सलाईन चालू असताना नर्सने हे दर तासाला करायचं असतं. घरी जाणाऱ्या आईलाही हे शिकवायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांचा परिणाम काय होतो, यावर चाचणी व्हायला हवी. ‘घर की रुग्णालय’ हा मेलबर्नचा प्रश्न होता. आपल्याकडे मूल घरीच आहे. आपला प्रश्न ‘शिकवलेली आई की न शिकवलेली आई’ हा आहे. उसना प्रश्न घेतला की उत्तर कितीही पक्कं असलं तरी आपल्या कामाला येत नाही.

दुसरा मजकूर : थॅलेसेमियाची मार्गदर्शिका आणि २५ थेंब

भारतात दरवर्षी अंदाजे १० ते १२ हजार मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्माला येतात, असा आकडा सर्रास दिला जातो. या मुलांच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही. त्यांना दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशनची मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानतात. रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राखावं, पिशवी फ्रिजबाहेर आल्यापासून ४ तासांत संपवावी, पहिली १५ मिनिटं रक्त हळू सोडावं आणि मुलावर नीट लक्ष ठेवावं, वगैरे. वैद्यकीयदृष्ट्या यात बोट ठेवायला जागा नाही.

माझा आक्षेप तिच्या व्याकरणावर आहे. अशा मार्गदर्शिकांची वाक्यं बहुतेक कर्मणी असतात. नाडी तपासली जावी, तापमान नोंदवलं जावं, वेग नियंत्रित केला जावा. कोणाकडून? एका वेळी किती मुलं सांभाळताना? कर्ता गायब झाला की त्याला लागणारा वेळही गायब होतो.

हिशोब करून दाखवते. २० किलोचं मूल आहे. किलोमागे १५ मि.लि. म्हणजे ३०० मि.लि. रक्त. ४ तासांत द्यायचं, म्हणजे तासाला ७५ मि.लि. रक्ताच्या सेटमधून २० थेंबांना १ मि.लि. पडत असेल तर तासाला १५०० थेंब, मिनिटाला २५. इन्फ्युजन पंप असेल तर आकडा टाकला की झालं. नसेल तर सिस्टर घड्याळ धरते, थेंब मोजते, सेटची चकती फिरवते. मुलाने कोपर दुमडलं की वेग बदलतो. मूल उठून बसलं, स्टँड वर-खाली झालं, तरी बदलतो. म्हणजे २५ थेंब एकदा लावून भागत नाही, पुन्हा पुन्हा येऊन मोजावे लागतात.

आता समजा २५ चे ४० झाले. नुसत्या डोळ्यांना फरक कळतो का? नाही कळत. पण ४० थेंब म्हणजे तासाला १२० मि.लि., या मुलाला किलोमागे ६ मि.लि. हृदय चांगलं असलेल्या मुलालाही तासाला किलोमागे ५ मि.लि.च्या वर जाऊ नये, असं मार्गदर्शिका सांगते. हृदयावर आधीच लोह साठलेलं असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते. ज्याला आपण ‘जरा फास्ट’ म्हणतो ते मर्यादेबाहेर असतं.

एसटी इथे येते

फास्ट कोण करायला सांगतं? डे-केअरमध्ये काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. दुपारी तीन-साडेतीनला आई किंवा आजोबा हळूच येऊन म्हणतात, “सिस्टर, थोडं जोरात सोडता का? पाचची गाडी गेली की मग काही नाही.”

ही विनंती अडाणीपणाची नाही. इंदापूर ते बारामती साधारण ५० किलोमीटर. इंदापूर ते पुणे सोलापूर रस्त्याने १३५ च्या पुढे. दर ३ आठवड्यांनी रक्त म्हणजे वर्षाला १७ फेऱ्या. पुण्याला जायचं तर साडेचार हजारांवर किलोमीटर, बारामतीत भागलं तर सतराशे. यात आतल्या वाडीतून फाट्यापर्यंतचं अंतर धरलेलं नाही. १७ दिवसांची शाळा, १७ दिवसांची मजुरी. आणि पिशवी उशिरा मिळाली, क्रॉस-मॅचला वेळ लागला की त्या दिवसाचं सगळं ओझं शेवटच्या ४ तासांवर येतं. गाडीची वेळ ठरलेली, मग वेग कशाचा वाढणार? थेंबांचा.

त्यातून दुसरा धोका निघतो. रक्ताची रिअ‍ॅक्शन नेहमी पहिल्या १५ मिनिटांतच येते असं नाही. थंडी-ताप, अंगावर पित्त, धाप हे नंतरच्या काही तासांतही होऊ शकतं. म्हणजे भिगवणच्या पुढे कुठेतरी, चालत्या गाडीत. लाल किंवा काळपट लघवी, डोळ्यांना पिवळेपणा हे तर काही दिवसांनीही दिसू शकतं. तेव्हा मूल पुन्हा शाळेत गेलेलं असतं आणि आईला वाटतं कावीळ झाली.

मी वाचलेल्या अभ्यासांत हिमोग्लोबिन मोजलेलं असतं, फेरिटिन मोजलेलं असतं, रिअ‍ॅक्शन मोजलेल्या असतात. ‘घाईत वेग वाढवला का’ हा रकाना मला भेटलेला नाही. दवाखान्यापासूनचं अंतर लिहिलेलं असतंच, पण पहिल्या तक्त्यात रुग्णांची माहिती म्हणून. ते थेट थेंबांच्या वेगापर्यंत पोचतं, हे दुवे जोडलेले नसतात. माझ्या मते परिचर्येच्या संशोधनाचं खरं काम इथे आहे.

तिसरा अभ्यास : सुईची भीती

कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून आढावा घेते. सुई टोचताना मुलांना होणारा त्रास मानसिक उपायांनी कमी होतो का, यावरचा तिचा आढावा २०१८ मध्ये अद्ययावत झाला. ५९ चाचण्या, २ ते १९ वयाची ५५५० मुलं. लक्ष दुसरीकडे वेधणं, श्वासाचे खेळ, संमोहन यांनी फायदा दिसतो. पण पुराव्याचा दर्जा कमी किंवा फार कमी, असंही त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे.

‘दर्जा कमी’ वाचून अनेक जण पेपर बंद करतात. इथे थोडं थांबू या. या चाचण्यांत मुलाला आणि नर्सला अंधारात ठेवता येत नाही. गोष्ट सांगितली की नाही हे मुलाला कळणारच. त्यामुळे दर्जाचे गुण आपोआप जातात. नव्या महागड्या औषधाबाबत ‘पुरावा कमकुवत’ म्हणजे थांबा. पण मोबाइलवर गाणं लावणं, फुंकर घालायला लावणं, मुलाला आडवं दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर छातीशी धरून बसवणं, यात गमावण्यासारखं काय आहे? पुराव्याची पातळी आणि उपायाची जोखीम दोन्ही एकत्र तोलायचं असतं. आढावा वाचणाऱ्याने हे तोलणं स्वतः करायचं असतं.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मावशी पाय धरतात, मामा हात धरतात, आईला ‘तुम्ही बाहेर थांबा’ सांगतात. एकदाच सुई लागायची असेल तर हे निभावून जाईल. वर्षात १७ वेळा लागायची असेल तर मूल दर वेळी जास्त घाबरतं, शीर आक्रसते, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा टोचावं लागतं, आणि सिस्टरचा वाचवायला गेलेला वेळ उलट जास्त जातो.

बधिर करणाऱ्या मलमाचं घ्या. लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम लावून साधारण तासभर थांबावं लागतं. ‘आमच्या गर्दीत तासभर कोण थांबणार?’ हा आक्षेप नेहमी येतो. पण रक्ताची क्रॉस-मॅच व्हायलाही पाऊण ते एक तास लागतोच! नमुना आधीच्या दिवशी घेतला असेल, किंवा त्या दिवशी घ्यायचा असेल, तरी पिशवी येईपर्यंत मूल बाकावर बसूनच असतं. मलम त्या वेळात लावता येतं. वेळ मिळत नाही असं नाही, तो तास कोणाच्या कामात धरलेला नाही.

एक अभ्यास, जो योग्य गोष्ट मोजतो

फक्त दोष काढत बसायचं नाही म्हणून चौथं उदाहरण. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मेरिलिन मॅन्को-जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा हिमोफिलियावरचा अभ्यास आला. अडीच वर्षांखालचे ६५ मुलगे. एका गटाला दिवसाआड फॅक्टर ८, दुसऱ्याला रक्तस्राव झाला की. सहाव्या वर्षी सांध्यांचा एमआरआय केला. पहिल्या गटात ९३ टक्के मुलांचे सांधे निरोगी होते, दुसऱ्यात ५५ टक्के.

मला यातलं मोजमाप आवडतं. रक्तातला आकडा एवढ्यावर न थांबता त्यांनी विचारलं, हे पोरगं शाळेत जाण्याच्या वयात धावेल का? थॅलेसेमियातही असं मोजता येईल : वर्षात किती दिवस शाळा बुडली, एका भेटीत किती वेळा टोचलं, आईला रिअ‍ॅक्शनची लक्षणं सांगता येतात का. पण याच अभ्यासाला आपला प्रश्न विचारला तर दिवसाआड तान्ह्या मुलाची शीर शोधणारं कोणीतरी लागतं. औषध सरकार मोफत देईल, शीर शोधणारे हात कुठून येणार?

हंगाम

आपल्या भागाबद्दल शेवटचा मुद्दा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, असे कारखाने दिवाळीच्या आसपास पेटतात आणि ऊसतोडीची कुटुंबं बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. चार-पाच महिन्यांचा हंगाम धरला तर थॅलेसेमियाच्या मुलाच्या ५ ते ७ फेऱ्या या फडावर असताना येतात. त्याचा रक्तगट, मागच्या रिअ‍ॅक्शन, शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी, शेवटचं फेरिटिन हे सगळं गावाकडच्या दवाखान्यातल्या वहीत. संशोधनात अशी मुलं ‘पाठपुराव्यातून गळाली’ या ओळीत जातात. ती गळालेली नसतात, उसाच्या फडात असतात. नोंदीची वही मुलासोबत फिरली पाहिजे आणि ती भरणं हे नर्सचं काम म्हणून मोजलं गेलं पाहिजे.

मग म्हणणं काय?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया दोन्ही आहेत. म्हणजे इमारत आहे, कायदा आहे, पेपर आहेत. माझा मुद्दा एवढाच की ‘भरती न करता उपचार’ ही बचत आहे असं म्हणताना ती कोणाची बचत आणि कोणाच्या अंगावर, हे लिहिलं पाहिजे. खाटेचा खर्च वाचतो तेव्हा तेवढंच काम सिस्टरच्या पायांवर, आईच्या जागरणावर आणि शेवटच्या गाडीवर जातं. ते मोजणाऱ्या अभ्यासालाच मी परिचर्येचा अभ्यास म्हणेन.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर पुढच्या वेळी एवढं विचारा :

पिशवीवरचा नंबर, गट आणि मुलाचं नाव दोघांनी मिळून ताडून पाहिलं का?

मिनिटाला किती थेंब लावलेत? (आकडा लक्षात ठेवा, स्वतः मोजून बघा. चकतीला मात्र हात लावू नका.)

घरी गेल्यावर काय दिसलं तर लगेच परत यायचं, आणि रात्री कोणाला फोन करायचा?

आणि गाडीची वेळ सकाळी आल्या आल्या सिस्टरना सांगा, दुपारी साडेतीनला नको. आधी कळलं तर त्या पिशवीसाठी लवकर पाठपुरावा करू शकतात. शेवटी कळलं तर त्यांच्या हातात फक्त चकती उरते.